ऑक्टोबर हीटमध्ये ऑटम फॅशन घालायची कशी?

नवरात्र जवळ आलं की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत कपड्यांचे प्रश्न वाढतात. यंदा बहुतेकींचा रोख एकाच गोष्टीकडे आहे: मोबाइलवर दिसणारी शरदातली फॅशन आणि दाराबाहेरची आपली हवा यांचा मेळ कसा घालायचा? त्यातले काही प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : ताई, मी डोंबिवलीहून रोज फोर्टला नोकरीला जाते. सप्टेंबरात मॉलमध्ये गेले तर पुतळ्यांच्या अंगावर जाकिटं, स्वेटर आणि पायांत उंच बूट. मोबाइल उघडावा तर बरगंडी, चॉकलेटी, स्वेड, लेअरिंग. इकडे सकाळच्या लोकलमध्ये कुर्ता पाठीला चिकटलेला असतो. हे कपडे नेमके कुणासाठी येतात? आणि आमच्यासारख्यांनी त्यातलं काय घ्यावं, काय सोडावं?

उत्तर : हे कपडे ज्या हवेसाठी आखले जातात ती न्यूयॉर्क, लंडन, मिलान आणि पॅरिसची हवा आहे. या चार शहरांत फेब्रुवारी-मार्चमध्ये फॅशन वीक होतात आणि तिथे त्याच वर्षीच्या शरदातले आणि हिवाळ्यातले कपडे दाखवले जातात. मधल्या काळात ऑर्डरी जातात, कापड विणलं जातं, शिवण होते आणि ऑगस्टपासून माल दुकानांत लागायला लागतो. सप्टेंबरात तिकडची हवा खरोखर बदलते. सकाळी गारवा, दुपारी ऊन, संध्याकाळी पुन्हा गारवा, म्हणून एकावर एक पातळ थर घालायचे आणि लागेल तसे काढायचे. सुट्ट्या संपून शाळा-कचेऱ्याही तेव्हाच सुरू होतात, त्यामुळे खरेदीचा मोठा हंगाम तोच. परदेशी ब्रँडची आपल्याकडची दुकानं बरीचशी याच वेळापत्रकावर चालतात आणि पुतळे त्याप्रमाणे सजतात.

आपल्याकडे त्याच दिवसांत उलट घडतं. मोसमी पाऊस माघारी फिरतो, आभाळ मोकळं होतं, ऊन थेट जमिनीवर येतं आणि जमीन अजून ओली असते. उष्णता एकदम वाढते आणि दमटपणा तर असतोच. मुंबईत ऑक्टोबरचं सरासरी कमाल तापमान ३३-३४ अंशांच्या घरात असतं, म्हणजे जवळपास मे महिन्याइतकं. तेव्हा तुमचा कुर्ता पाठीला चिकटतो यात तुमच्या निवडीचा दोष थोडा आणि हवेचा जास्त.

आता काय घ्यावं? माझं मत स्पष्ट आहे. शरदातल्या फॅशनचे तीन भाग करून बघा: रंग, थर आणि वजन. रंग बिनदिक्कत घ्या. थर जपून घ्या. वजन तिकडच्या थंडीसाठी आहे, ते सोडून द्या. जे दिसायला हवंहवंसं वाटतं ते बहुतेक वेळा रंगात असतं आणि ज्याचा त्रास होतो ते वजनात.

रंगांचं बघा. २०२४ च्या शरदात बरगंडीची लाट होती, २०२५ मध्ये चॉकलेटी तपकिरी आणि स्वेड पुढे आले. पँटोन या रंगसंस्थेने २०२५ चा रंग म्हणून निवडला तोही ‘मोका मूस’ नावाचा दुधाळ तपकिरीच होता. या रांगेतला एकही रंग आपल्या कपाटाला परका नाही. डाळिंबी, आमसुली, विटकरी, हळदी, शेवाळी, बदामी, अंजिरी हे रंग आपल्या इरकल आणि खणांत कितीतरी वर्षं आहेत. कच्छच्या अजरख छपाईतला मंजिष्ठाचा लाल आणि निळीचा गडद निळा तर सबंध शरदाचा रंगपट एका कापडात देतो. हेच अजरख मलमलवर छापलेलं मिळतं आणि मलमल ऑक्टोबरात सोसते. तेव्हा बरगंडी स्वेटरसाठी झुरण्यापेक्षा डाळिंबी मलमलीचा कुर्ता शिवून घ्या. रंग तोच, घाम अर्धा.

रंग निवडताना घामाचे डाग लक्षात घ्या. मध्यम छटेचे सपाट रंग, विशेषतः मिसळलेला करडा, फिका निळा, फिका शेवाळी, हे काखेत आणि पाठीवर ओलावा लगेच दाखवतात. अगदी गडद रंग, पांढरा किंवा बारीक छपाई तो झाकते. मात्र गडद कापड उन्हात लवकर तापतं. फलाटावर उन्हात उभं राहावं लागत असेल तर गडद रंग सलवार-पँटला ठेवा आणि वर बदामी किंवा मोतिया घाला.

यापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे धागा. हवेत ६५ टक्के आर्द्रता असताना सुती कापड स्वतःच्या वजनाच्या साधारण ८ टक्के ओलावा धरून ठेवतं. व्हिस्कोज ११ ते १३ टक्के धरतं. पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा धरत नाही. म्हणून घट्ट विणीच्या पॉलिएस्टर टॉपमध्ये घाम कापडात न जिरता अंगावरच राहतो. खेळाचे कपडे पॉलिएस्टरचे असूनही बरे वाटतात, कारण त्यांची वीण घाम बाहेर ओढून नेण्यासाठी मुद्दाम तशी केलेली असते. ऑफिसच्या टॉपला ती सोय नसते. दुकानात टॅगवर मोठ्या अक्षरांत ‘कॉटन टच’ लिहिलेलं असेल तर आतल्या शिवणीला लावलेलं छोटं पांढरं लेबल उलटून वाचा. खरा धागा तिथे कळतो. मी तर आधी लेबल वाचते आणि मगच किंमत.

आता थर. फोर्टच्या ऑफिसात एसी २२-२३ अंशांवर चालत असेल, म्हणजे तुमचा खरा शरद तिथे आहे, लोकलमध्ये नाही. दिवसातले आठ तास तुम्ही न्यूयॉर्कच्या सप्टेंबरात बसता आणि उरलेला वेळ ठाणे-कळव्याच्या ऑक्टोबरात. तेव्हा थर अंगावर घालून घरातून निघूच नका. एक मऊ, बिनअस्तराचं सुती किंवा लिननचं जाकीट ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवा. रंग असा निवडा की आठवड्यातल्या बहुतेक कुर्त्यांवर आणि शर्टांवर चालेल. तपकिरी त्यासाठी उत्तम, काळ्यापेक्षाही, कारण काळा आपल्या पिवळ्या-केशरी कुर्त्यांवर फार कडक दिसतो. शुक्रवारी ते घरी नेऊन धुवा. एवढं एक जाकीट केलंत तरी तुमचं लेअरिंग झालं.

खरेदीच्या वेळेबद्दलही सांगते. जाकिटं, पातळ स्वेटर ऑक्टोबरात पूर्ण भावाने घेऊ नका. डिसेंबरअखेर ते जानेवारीत मोठ्या दुकानांत हंगामअखेरचे सेल लागतात आणि तोच माल बऱ्याच कमी किमतीत मिळतो. मुंबईत तोपर्यंत तुमचं काहीही अडत नाही.

प्रश्न : मी पुण्यात सकाळी सातला दुचाकीवरून कामाला निघते. ऑक्टोबरच्या शेवटी पहाटे चांगलंच गार लागतं, अकराला ऊन चटकतं. स्वेटर घातला तर दिवसभर हातात वागवावा लागतो. हल्ली जुन्या साड्यांची गोधडीसारखी टाके घातलेली जाकिटं दिसतात. घरच्या साडीतून तसं शिवता येईल का?

उत्तर : येईल, आणि माझ्या मते पुण्या-नाशिकच्या शरदाला याहून चांगलं वस्त्र नाही. तुमच्याकडे ऑक्टोबरअखेर पहाटे पारा १८-१९ पर्यंत उतरतो आणि दुपारी ३१-३२ ला जातो. बारा-तेरा अंशांचा हा फरक म्हणजे थरांचीच हवा. फक्त थर असा हवा की घडी करून डिकीत मावेल आणि चुरगळला तरी वाईट दिसणार नाही. टाके घातलेलं सुती कापड आधीच सुरकुतलेलं असतं, त्यामुळे त्याला इस्त्रीची काळजी नाही.

साडी निवडताना घाई करू नका. सुती साडी घ्या. इरकल, मंगळगिरी, नारायणपेठ, धारवाडी किंवा आईची साधी हातमागाची. ती उजेडासमोर धरून टोकापासून टोकापर्यंत बघा. जिथे कापड विरळ झालं असेल तिथून उजेड जास्त येतो. निऱ्या खोचायची जागा आणि फॉल लावलेला खालचा काठ आधी विरतो, तर पदर आणि निऱ्यांच्या आतला भाग बहुधा धड असतो. विरळ भागावर खडूने खूण करा आणि तो अस्तराला वापरा. दोन्ही अंगठ्यांमध्ये कापड धरून हलकेच ताणा. फाटण्याचा बारीक आवाज आला तर ती साडी जाकिटाला नको, तिची उशीची खोळ करा.

साडी साडेपाच मीटरच्या आसपास असते. कमरेखालपर्यंत येणाऱ्या, पूर्ण बाह्यांच्या सैल जाकिटाला सव्वादोन ते अडीच मीटर कापड लागतं. म्हणजे बाहेरचा भाग आणि अस्तर दोन्ही एकाच साडीतून निघतात. पदर पाठीवर आडवा येऊ द्या आणि काठ पुढच्या दोन्ही पट्ट्यांना उभा लावा. काठ बाह्यांच्या टोकाला लावायचा मोह होतो, पण दुचाकीच्या हँडलवर आणि टेबलाच्या कडेला बाही सतत घासते आणि काठ जरतारी असेल तर त्याचे धागे निघतात. मध्ये भर म्हणून जाड कापूस घालू नका. आणखी एक जुनी मलमलीची साडी किंवा पंचा पुरे. तीन थर झाले की सकाळचा वारा अडतो आणि जाकीट फुगत नाही.

मग धावदोरा. आधी मोठे कच्चे टाके घालून तिन्ही थर पक्के बसवा, नाहीतर आतलं कापड गोळा होतं. ओळींमध्ये अर्धा ते पाऊण इंच अंतर ठेवा. सगळ्या जाकिटाला हाताने टाके घालायला वेळ नसेल तर पाठ आणि पुढचे दोन भाग हाताने करा आणि बाह्या शिंप्याकडून मशीनवर करून घ्या. मी असं केलेलं पाहिलं आहे, ओळखूही येत नाही. टाके घालून कापड थोडं आटतं, म्हणून कापणी टाके झाल्यावरच करायची. हा क्रम उलटा झाला तर जाकीट एका मापाने लहान होतं.

शिंप्याला दोन गोष्टी ठासून सांगा. बगलेला नेहमीपेक्षा अर्धा-पाऊण इंच सैल ठेवायचं, कारण आत कुर्त्याची बाही असणार. आणि दोन्ही बाजूंना खिसे हवेत, किमान आठ इंच खोल. बायकांच्या कपड्यांना खिसे शिवताना चार इंचांवर थांबायची जी रीत पडली आहे ती आता मोडायला हवी. आजचा फोन त्यात उभा राहत नाही आणि दुचाकीवर वाकलं की बाहेर पडतो.

हे सगळं करायला वेळ नसेल तर जयपूरकडची दुहेरी, कापूस भरलेली छापील जाकिटं मिळतात, ती दोन्ही बाजूंनी घालता येतात. चांगली असतात. पण आजीच्या साडीचा पदर पाठीवर घेऊन निघण्यातलं समाधान त्यात येत नाही, आणि ते समाधान मला कपड्याच्या उपयोगाइतकंच मोलाचं वाटतं.

प्रश्न : नवरात्रात ऑफिसात नऊ रंगांचा आग्रह असतो. दरवर्षी कुठला ना कुठला रंग नसतो म्हणून नवीन ड्रेस घ्यावा लागतो. करडा आणि मोरपंखी तर एरवी घातलेच जात नाहीत. हे रंग शास्त्रात सांगितलेले आहेत का? दरवर्षी बदलतात कसे? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : धर्मग्रंथांत हा क्रम नाही. दोन हजारनंतरच्या पहिल्या दशकात महाराष्ट्र टाइम्सने नऊ दिवसांचे नऊ रंग जाहीर करायला सुरुवात केली, वाचक महिलांचे गटागटाने काढलेले फोटो छापले आणि बघता बघता ही रीत लोकल, शाळा, बँका, पोलीस ठाणी सगळीकडे पसरली. पंधरा-वीस वर्षांत एखादी गोष्ट इतकी आपली होऊन जावी याचं मला कौतुक वाटतं. सकाळी दादरच्या पुलावरून एकाच रंगाचा लोंढा उतरतो तेव्हा ओळख नसलेल्या बायका एकमेकींकडे बघून हसतात. ते वर्षातल्या इतर दिवशी होत नाही.

आता उपयोगाचं. रंग दरवर्षी बदलतात असं वाटतं, पण ते वारांना बांधलेले आहेत. सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी गडद निळा, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा, शनिवारी करडा, रविवारी नारिंगी. घटस्थापना ज्या वारी येते तिथून हा क्रम सुरू होतो. सात दिवसांनी वार पुन्हा तेच येतात, तेव्हा उरलेल्या दोन दिवसांना मोरपंखी, गुलाबी, जांभळा यांतले दोन रंग दिले जातात. मागच्या काही वर्षांच्या याद्या पंचांगातल्या वारांशेजारी ठेवून बघा, जुळतील. म्हणजे तुम्हाला सात रंगांची तयारी एकदाच करायची आहे आणि शेवटच्या दोन दिवसांसाठी एखादी ओढणी वाढवायची आहे.

ती तयारी ड्रेसने करू नका, ओढण्यांनी करा. एक मोतिया आणि एक गडद निळा असे दोन साधे सुती कुर्ते, बरोबर सात-आठ हातमागाच्या ओढण्या. मोतिया कुर्ता सोमवारी एकटा चालतो, निळा बुधवारी. बाकीचे दिवस ओढणी रंग सांभाळते आणि मोठी सुती ओढणी एसीत खांद्यावर घेता येते. करड्याचा तुम्ही बाऊ केला आहे, पण तोच या सगळ्यांत सर्वांत उपयोगी रंग आहे. करडी ओढणी डाळिंबी, हळदी, निळ्या अशा कुठल्याही कुर्त्यावर वर्षभर वापरता येते. साड्या नेसत असाल तर हाच हिशोब ब्लाउजला लावा. करड्या किंवा काळ्या काठाच्या साडीवर लाल, पिवळा, हिरवा खणाचा ब्लाउज घातला की त्या दिवसाचा रंग सांभाळला जातो. खण बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डचा असेल तर बघूनच घ्या, त्याची चमक आणि घट्ट वीण छापील नकलेत येत नाही.

एक सूचना. नवा लाल किंवा डाळिंबी कपडा नवरात्रात धुतल्याशिवाय घालू नका. ओलं पांढरं फडकं आतल्या शिवणीवर घासा. रंग फडक्यावर उतरला तर तो घामानेही उतरणार आणि सोमवारच्या पांढऱ्यावर लागणार. असा कपडा वेगळ्या, गार पाण्यात रंग सुटणं थांबेपर्यंत धुवा.

प्रश्न : हल्ली पायाशी अरुंद आणि गुडघ्याशी फुगीर अशी बॅरल जीन्स आली आहे. माझी उंची पाच फूट. मला शोभेल का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : शोभेल, जर ती घोट्याच्या हाडाच्या वर संपत असेल आणि फुगीर भाग गुडघ्याच्या पातळीवरच येत असेल. उंच बायकांसाठी कापलेल्या जीन्समध्ये तो भाग पोटरीवर उतरतो आणि मग पाय आखूड दिसतात. खालून कापून हे दुरुस्त होत नाही, म्हणून घालून, बाजूने आरशात बघूनच घ्या. वर आखूड किंवा आत खोचलेला शर्ट हवा, लांब कुर्ता नको. नागपुरात ऑक्टोबरच्या दुपारी जाड डेनिम सोसत नाही. हातात घेऊन वजन बघा आणि शक्यतो पातळ डेनिमची किंवा तशाच आकाराची सुती पँट घ्या. जमिनीवर लोळणाऱ्या रुंद पँटपेक्षा हा आकार बस-रिक्षात चढायला कितीतरी सोयीचा आहे, म्हणून मला तो आवडतो.

प्रश्न : स्वेडची बॅग आणि बूट घ्यायचा विचार आहे. आमच्याकडे सांगलीत ते टिकतील का? की दरवर्षीसारखी कोल्हापुरीच बरी?

उत्तर : स्वेड म्हणजे कातड्याची आतली बाजू घासून मखमली केलेली. तिचे उभे तंतू धूळ आणि ओलावा दोन्ही धरून ठेवतात. पावसाळ्यानंतर महिनाभर तरी कपाटात दमट हवा असते आणि स्वेडवर पांढरी बुरशी धरते. बॅग घ्यायचीच असेल तर नोव्हेंबर उजाडल्यावर काढा, प्लॅस्टिकच्या पिशवीत न ठेवता सुती पिशवीत ठेवा आणि कोरड्या मऊ ब्रशने झटका. बुटांचा आग्रह सोडा. आपल्या धुळीत ते एका हंगामात मळकट होतात.

कोल्हापुरीबद्दल ‘बरी’ म्हणून थांबू नका. जून २०२५ मध्ये मिलानला प्राडाच्या पुरुषांच्या कपड्यांच्या शोमध्ये अगदी अशाच चपला दिसल्या, त्यांचा उगम कुठला हे न सांगता. महाराष्ट्रात नाराजी उठल्यावर त्या कोल्हापुरीवरून सुचल्याचं कंपनीने मान्य केलं. या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे आणि तुमचा सांगली जिल्हा त्यात आहे. कोल्हापूर, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे बाकीचे. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या कातड्याला जो तपकिरी रंग येतो, तो शरदाच्या रंगपटातला अस्सल तपकिरी आहे. त्यासाठी वेगळं काही घ्यायलाच नको.

पाऊस पूर्ण थांबल्यावरच ती बाहेर काढा, ओलं कातडं फुगतं आणि शिवण सैल होते. नवी असेल तर आत आणि पट्ट्यांना खोबरेल तेल बोटाने चोळून रात्रभर ठेवा, मग घरातल्या घरात थोडा थोडा वेळ घाला. पहिल्याच दिवशी दांडिया खेळायला घालून जाऊ नका. अंगठ्याजवळ चामडं चावतं आणि मग ती महिनाभर कोपऱ्यात पडते. घेताना कारागिराकडून किंवा त्याचा माल ठेवणाऱ्या दुकानातून घ्या. वाकवून बघा. थरांमधून पुठ्ठा दिसला तर परत ठेवा.

प्रश्न : मी टोरांटोत राहते. आमच्याकडे दिवाळी येते ती ऐन पानगळीत. मंडळाच्या दिवाळी पहाटेला पैठणी नेसायची हौस असते आणि बाहेर हाडं गोठवणारा वारा. वर जाड जाकीट चढवलं की साडी दिसतच नाही. दरवर्षी कुडकुडत किंवा साडी सोडून ड्रेस घालून जाते. काही उपाय?

उत्तर : तुम्ही तर खऱ्या शरदात राहता, त्यामुळे इथे जे सोडा म्हणून सांगितलं ते तुम्ही हक्काने घ्या. ऊब आतून घ्यायची, वरून नाही. पातळ मरिनो लोकरीचे थर्मल वर आणि खाली घाला. हवेत ६५ टक्के आर्द्रता असताना लोकर स्वतःच्या वजनाच्या साधारण १६ टक्के ओलावा अंगाला न चिकटता धरते, म्हणून गरम हॉलमध्ये गेल्यावरही त्यात गुदमरायला होत नाही. त्यावर ब्लाउजऐवजी उंच गळ्याचा बारीक विणीचा स्वेटर घाला. डाळिंबी किंवा मोरपंखी पैठणीवर काळा किंवा काठाच्या रंगाचा स्वेटर सुरेख दिसतो. गळा झाकलेला असल्याने हार-नेकलेस नको, त्याऐवजी मोठे झुबे आणि नथ. पदर खांद्यावर टाचताना पिन थेट पैठणीतून न घालता मागे छोटं कापड ठेवून टाचा, नाहीतर स्वेटरच्या ताणाने रेशमाला भोक पडतं.

परकर सुती घ्या, पॉलिएस्टरचा नको. हीटर चालू असलेल्या खोलीत हवा कोरडी पडते, पॉलिएस्टरवर रेशीम घासलं की साडी पायांना चिकटते आणि निऱ्या फुटतात. पायांत घोट्यापर्यंतचे, सपाट, पकड असलेले बूट घाला आणि बूट घालूनच साडी नेसा, म्हणजे उंची बरोबर येईल. नेहमीपेक्षा इंचभर वर नेसा. ओल्या पानांवरून काठ घासत गेला तर पैठणीची जर खराब होते आणि ती दुरुस्त करणं अवघड. नऊवारी येत असेल तर त्याहून सोपं, काष्ट्याच्या आत जाड लोकरी लेगिंग सहज मावतं आणि पायऱ्या चढायला पाय मोकळे राहतात.

वरून फुगीर जाकीट नको, त्याने निऱ्या आणि पदर दोन्ही चेपतात. सरळ शिवणीचा, गुडघ्याखाली जाणारा लोकरी कोट घ्या. कोट घालण्याआधी पदराची पिन काढून तो मानेभोवती मफलरसारखा घ्या. हॉलमध्ये पोचल्यावर कोट काढून पुन्हा टाचा. पिना कोटाच्या आतल्या खिशात ठेवा आणि दोन जास्तीच्या ठेवा, कुणाला तरी लागतातच. घरी परतल्यावर साडी लगेच घडी करून कपाटात टाकू नका, रात्रभर सावलीत पसरून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी सुती कापडात गुंडाळा.